दप्तर वाहिले आम्ही, वाचणार कोण?

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात तीन दिवस एकामागोमाग एक आले. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १२ एप्रिलला जोतिबाच्या डोंगरावरची चैत्र यात्रा आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. एकीकडे गुलालात न्हालेली माणसे सासनकाठ्या घेऊन डोंगर उतरत होती आणि दुसरीकडे त्याच गावांतल्या वस्त्यांतून निळे झेंडे लागत होते. फुल्यांचे नाव या जोतिबावरूनच ठेवले गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे गुलालाचा डोंगर, फुल्यांचे नाव आणि आमचा निळा झेंडा यांचे नाते वरवर दिसते त्यापेक्षा जुने आहे.

आम्ही जोतिबाचे भाविक नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आम्ही घेतल्या आहेत आणि डोंगरावर नवस फेडायला जाण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही आज आम्हाला या डोंगराबद्दल लिहावे लागत आहे. ६ मे २०२५ रोजी अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. तिथे जोतिबा देवस्थानाच्या २५९ कोटी ५९ लाख रुपयांच्या विकास आराखड्याला मान्यता मिळाली. असे आराखडे निघाले की रस्ते, वाहनतळ, दर्शनाच्या रांगा, भक्तनिवास यांची चर्चा होते. ठेकेदार कोण, टक्केवारी किती, याचीही होते. एका गोष्टीची चर्चा मात्र कुठेच होत नाही. ती म्हणजे दप्तर. देवस्थानाचे, संस्थानाचे, गावाचे दप्तर. ते कुठे ठेवायचे, कोणी जपायचे आणि कोणी वाचायचे, हे कोणी विचारत नाही. आमचा आजचा प्रश्न नेमका तोच आहे.

कोणी म्हणेल, देवळाच्या जुन्या कागदांशी बौद्धांचे काय देणेघेणे? त्यांना आमचे सांगणे असे की देवस्थानाचे दप्तर हे भक्तीचे नसते, हक्कांचे असते. जोतिबाच्या यात्रेत कोणत्या गावची सासनकाठी कितव्या क्रमांकाने निघायची, हे ठरलेले आहे. पहिला मान सातारा जिल्ह्यातील पाडळीचा. हा क्रम कोणाच्या लहरीवर चालत नाही, त्यामागे परंपरा आहे आणि वाद झाला की कागद काढले जातात. देवस्थानाच्या इनाम जमिनी कोणत्या गावात, त्या कोण कसत होते, पूजेचा मान कोणाचा, वाजवायचे कोणी, झाडायचे कोणी, त्याचा मोबदला काय, या नोंदी जिथे जिथे देवस्थान आहे तिथे तिथे झालेल्या असतात. आज पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे तीन हजारांहून अधिक देवस्थानांचा कारभार आहे आणि त्यात जोतिबाही येतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधीचा संस्थानी कारभार कागदावर उभा आहे आणि त्या कागदांतला मोठा भाग मोडी लिपीत आहे. त्या नोंदींत आमचे पणजोबा-खापरपणजोबा आहेत. राजा म्हणून नाहीत, मानकरी म्हणून नाहीत. पण राबणारे, जमीन कसणारे, शीव राखणारे, दंड भरणारे म्हणून आहेत. ज्या समाजाचा इतिहास कोणी लिहिला नाही त्याची नावे अशा हिशेबाच्या कागदांतच सापडतात.

आता हे दप्तर आजवर कोणाच्या हातात होते, ते पाहू. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. सरकारी कचेरीत नव्हे, त्याच्या घरी. मुलगा बापाच्या मांडीला मांडी लावून बसे, बोरू धरायला शिके, मोडीचे वळण गिरवी, रुमाल बांधायला आणि सोडायला शिके. वय वाढले की तो मामलेदाराच्या कचेरीत चुलत्याच्या नाहीतर मामाच्या ओळखीने बिनपगारी बसू लागे. याला 'उमेदवारी' म्हणत. दोन वर्षे, चार वर्षे उमेदवारी केली की जागा रिकामी होताच तो कारकून होई. या शिक्षणाला ना शाळा होती, ना परीक्षा. लागत होते ते फक्त योग्य घरी जन्म घेणे. आमच्या पोराला कचेरीच्या ओसरीवर चढू दिले जात नव्हते, तर तो आत बसून उमेदवारी कशी करणार? लेखणीवरची मक्तेदारी केवळ शाळा बंद ठेवून टिकली नाही. काम जिथे चालते तिथे शिकायला बसण्याची जागा बंद ठेवूनही ती टिकवली गेली. या दुसऱ्या बंद दाराची चर्चा आपल्या चळवळीतही कमीच झाली आहे.

आणि त्याच वेळी महार काय करत होता? गावकामगार म्हणून तो सरकारी टपाल पोचवत होता, वसुलाच्या पैशाची राखण करत कचेरीपर्यंत जात होता, साहेबाचे सामान आणि दप्तराचे गाठोडे डोक्यावर घेऊन मैलोन् मैल चालत होता. गावच्या शिवेवरून तंटा झाला तर महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. दगड कुठे पुरला आहे, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, बांध कोणी सरकवला, हे त्याला ठाऊक असे. म्हणजे गावाचा चालताबोलता अभिलेख तोच होता. पण तो बोलला की लिहून घेणारा दुसरा, लिहिलेले वाचून दाखवणारा तिसरा आणि खाली अंगठा मात्र याचा. आपण काय बोललो आणि कागदावर काय उतरले, हे ताडून पाहण्याची सोय त्याला नव्हती. दप्तर त्याने डोक्यावर वाहिले, पण ते उघडून वाचण्याचा अधिकार त्याला कधीच मिळाला नाही.

जोतीराव फुल्यांनी ही लबाडी सर्वांच्या आधी ओळखली. भट-कुलकर्णी कागद कसे रंगवतात आणि अडाणी शेतकरी त्यात कसा बुडतो, हे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ साली उघडे पाडले. त्याआधी, १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त, त्यांनी खंडोबा, जोतिबा या बहुजनांच्या दैवतांचा अर्थ वेगळ्या रीतीने लावला आणि त्यांना बळीराजाच्या राज्यव्यवस्थेतील माणसे म्हणून उभे केले. विद्वानांनी त्यावर नाके मुरडली. पण फुल्यांपुढे दुसरा मार्ग कोणता होता? दप्तराच्या किल्ल्या दुसऱ्यांकडे होत्या. म्हणून त्यांनी लोकांच्या तोंडी उरलेली नावे, सण, म्हणी हेच आपले दप्तर मानले. दीडशे वर्षांनंतर आमच्यावर तशी सक्ती राहिलेली नाही. कायद्याने दप्तर सर्वांना खुले आहे. पण खुल्या दप्तरासमोर आम्ही आजही निरक्षर आहोत, हे कटू असले तरी सत्य आहे.

फुल्यांनी रोग दाखवला आणि उपाय केला तो राजर्षी शाहू महाराजांनी. १८९४ साली महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. १९०२ साली महाराजांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपण दरवर्षी २६ जुलैला आठवतो. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. जागा राखली तरी त्या जागेवर बसायला लागणारे कसब बहुजनांच्या पोराला कोण देणार, हा प्रश्न त्यांना दिसत होता. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने बरखास्त केली आणि पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. त्या कामाचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली आणि ती अस्पृश्यांनाही खुली केली. ज्यांनी गावाचे दप्तर डोक्यावर वाहिले त्यांच्यातलेच तलाठी होऊन दप्तरापुढे बसले. त्याच वर्षी महार वतनाच्या गुलामीवर त्यांनी घाव घातला. पुढे १९२० साली अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. या सगळ्या हुकमांमागे एकच सूत्र होते. हक्क द्यायचा असेल तर तो वापरण्याचे कसबही द्यायला हवे, आणि ते कसब कामाच्या जागीच मिळाले पाहिजे. आजच्या भाषेत ज्याला कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण किंवा अप्रेंटिसशिप म्हणतात, ती शाहूंच्या करवीरात शंभर वर्षांपूर्वी सामाजिक न्यायाचे हत्यार झालेली होती.

अभिलेखपालाचे काम कामाच्या जागीच का शिकावे लागते, हे जाणून घेतले पाहिजे. जुना कागद हाताळणे हे पुस्तक वाचून येणारे काम नाही. रुमाल सोडायचा कसा, बुरशी आलेले पान वेगळे कसे करायचे, मऊ ब्रशने धूळ कोणत्या दिशेने काढायची, फाटलेल्या कडेला पातळ कागदाचा आधार कसा द्यायचा, हे जाणत्याच्या शेजारी बसूनच कळते. कागद ज्या क्रमाने बांधलेले सापडले तो क्रम मोडायचा नाही, हा या विद्येचा पहिला धडा आहे. एखादा अर्ज, त्यावरचा शेरा, मग चौकशी, मग हुकूम, अशी ती साखळी असते. हौशी माणूस त्यातले 'महत्त्वाचे' पान काढून घेतो आणि बाकीची साखळी कायमची तुटते. मग पानांवर क्रमांक घालणे, प्रत्येक रुमालाची सूची करणे, त्या सूचीत माणसांची, गावांची, जातींची नावे नोंदवणे ही कामे येतात. सूचीत ज्याचे नाव आले नाही तो कागदात असूनही नसल्यासारखा होतो. म्हणून सूची कोण करतो, याला महत्त्व आहे.

शिवाय मोडी. तिच्यात शब्द एकमेकांना चिकटून येतात, विरामचिन्हे नसतात, अक्षरे तोडून लिहिलेली असतात आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते. तारखा सुहूर सनात किंवा फसलीत असतात. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, हे गणित सोपे आहे. पण ते आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात आणि ते ओळखू यायला डोळा तयार व्हावा लागतो. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग होतात, ते चांगलेच आहे. पण तेवढ्या वर्गात बाराखडी येते, दप्तर येत नाही. बाराखडी आलेला आणि दप्तर येणारा यांत दोन वर्षांच्या बैठकीचा फरक असतो. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराची एक वर्षाची पदविका आहे. पन्हाळा किंवा शाहूवाडी तालुक्यातल्या शेतमजुराच्या मुलीने पदव्या मिळवून, दिल्लीचा खर्च सोसून ती पदविका घ्यावी, ही अपेक्षा कागदावरच शोभते. ब्रिटनसारख्या देशातही पूर्वी पदव्युत्तर शिक्षणाशिवाय अभिलेखपाल होणे अवघड होते. तिथेही अलीकडे पगार घेत कामाच्या जागी शिकण्याची वाट तयार करावी लागली. कारण ज्यांच्या घरी पैसा आहे तेच या पेशात येत राहिले तर दप्तरही त्यांच्याच नजरेने लावले जाते, हे त्यांनाही उमगले.

या सगळ्याचा आमच्या रोजच्या जगण्याशी काय संबंध, असे ज्यांना वाटते त्यांनी तीन गोष्टी आठवाव्यात.

पहिली, जात पडताळणी. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळेचा जुना दाखला यांसाठी मुले वणवण फिरतात. आमच्या परिचयातील एका घरात आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतून एक मोडी कागद निघाला. घरात दोन पदवीधर, एक इंजिनियर, पण तो कागद उलटा की सुलटा हे कोणालाच कळेना. वाचून द्यायला कोणी मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत टळली. अशी घरे एक-दोन नाहीत.

दुसरी गोष्ट, जमीन. महार वतनाची गुलामी संपावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली आणि जमिनी अटी घालून वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. त्यातल्या किती जमिनी आज आमच्या नावावर आहेत? नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा कोट्यवधींचा व्यवहार गाजला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले की वतनाची जमीन ही आजही राजकारणातल्या बड्यांना हवीहवीशी वाटणारी वस्तू आहे. ते प्रकरण वर आले. जी प्रकरणे गावोगाव तलाठ्याच्या कपाटात झोपली आहेत त्यांचे काय? कोल्हापूर संस्थानात १९१८ च्या हुकमानंतर कोणत्या गावात कोणाला कोणती जमीन मिळाली, हे सांगायला भाषण उपयोगाचे नाही. तिथे कागदच बोलतो.

तिसरी गोष्ट ताजी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली. ती मागणी योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. पण त्या वेळी काय घडले ते पाहा. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांना शोधून आणावे लागले, रातोरात त्यांची किंमत वाढली, लाखो नोंदी तपासल्या गेल्या. ज्या समाजाच्या मागे राजकीय ताकद होती त्याच्यासाठी शासनाने दप्तर उघडले, वाचणारे आणले, वाचून घेतले. आमच्या वतनांसाठी, आमच्या जातपडताळणीच्या पोरांसाठी असे दप्तर कधी उघडले गेले का? वाचणारे आपले असते तर कोणाची वाट पाहण्याची गरजच पडली नसती.

पेशवे दप्तराचे उदाहरण बोलके आहे. पुण्यात सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. ते कष्टाचे काम होते, हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले, हेही आम्ही नाकारत नाही. पण निवड म्हटली की निवडणाऱ्याची नजर आली. स्वाऱ्या, तह, कारस्थाने यांना जागा मिळाली. गावच्या हिशेबातला महार, मांग, रामोशी रुमालातच राहिला. तो बाहेर काढायला आमचीच माणसे लागतील. दुसऱ्याने का काढला नाही म्हणून किती दिवस रडणार?

आणि आपल्या चळवळीच्या कागदांचे आपण काय केले, हाही प्रश्न स्वतःला विचारू या. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दिल्लीच्या अलीपूर रोडवरील घरातले काही कागद बाहेर पडून पावसात भिजले, ही हकीकत त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्यामुळे आपल्याला ठाऊक आहे. पुढे महाराष्ट्र शासनाची चरित्र साधने प्रकाशन समिती १९७६ साली झाली आणि १४ एप्रिल १९७९ रोजी इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड आला. त्या कामात वसंत मून यांनी आयुष्य ओतले. ते महसूल खात्यातले अधिकारी. त्यांच्याही आधी चांगदेव खैरमोडे यांनी नोकरी सांभाळून बाबासाहेबांविषयीचा एकेक कागद जमवला आणि १९५२ साली चरित्राचा पहिला खंड काढला. या दोघांना कोणी अभिलेखशास्त्र शिकवले नव्हते. काम करता करता ते शिकले. पण त्यांच्या शेजारी बसवून त्यांचे कसब उचलणारी दहा-वीस मुले आपण तयार केली नाहीत. परिणाम काय झाला? डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला बाबासाहेबांच्या खंडांच्या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घ्यावी लागली. माणसे गेली की काम थांबते, ही आपली जुनी व्यथा आहे. माणसाच्या मागे माणूस उभा करणे यालाच उमेदवारी म्हणतात.

तेव्हा अभिलेखपालाची उमेदवारी सुरू झाली पाहिजे, ही मागणी आम्ही करतो. पण इथे सावध राहण्याची गरज आहे. उमेदवारी या शब्दाचा आम्हाला वाईट अनुभव आहे. शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणे ही वेठबिगार आहे आणि ती शाहू महाराजांनी १९२० सालीच बंद केली. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी पास तरुणाला सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये महिना विद्यावेतन आणि मुदत सहा महिने. पुढे ती वाढवून अकरा महिने झाली. मुले कार्यालयांत राबली, संगणकावर नोंदी केल्या, फायली लावल्या आणि मुदत संपताच घरी गेली. कायम करा म्हणून त्यांनी आंदोलने केली. सहा महिन्यांत अभिलेखपाल तयार होत नाही. तयार होतो तो फक्त स्वस्त मजूर. अशा योजनेचे नाव बदलून ती दप्तरखान्यात आणली तर आम्ही तिला विरोध करू.

मग कशी हवी? १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आपल्याकडे आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर नियोक्त्याला आपल्या गरजेनुसार 'ऐच्छिक व्यवसाय' ठरवून शिकाऊ उमेदवार घेता येतात. अभिलेखपालाचे काम त्यात बसवता येईल. पण त्यातली मेख ओळखली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखण्याची या कायद्यातील तरतूद 'नियुक्त व्यवसायां'साठी आहे. ऐच्छिक व्यवसायाच्या मागच्या दाराने आरक्षण गाळले जाऊ शकते. म्हणून शासनाने अभिलेखपालाचे काम नियुक्त व्यवसायांत आणावे किंवा शासन निर्णयातच आरक्षणाचे प्रमाण लिहून द्यावे. दुसरे असे की हाच कायदा मालकावर शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन घालत नाही. तेव्हा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला पुराभिलेख खाते, जिल्हाधिकारी कार्यालयांचे अभिलेख कक्ष, विद्यापीठे आणि देवस्थान समित्या यांच्या भरतीत मान्यता मिळाली पाहिजे. दप्तर सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने शासनावर आहेच. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. माहिती अधिकार कायदाही २००५ चाच आणि त्याचे कलम ४ सर्व कार्यालयांना अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगते. तरी अर्ज केला की 'फाईल आढळून येत नाही' हे ठरलेले उत्तर येते. फाईल आढळत नाही, कारण तिची सूची करणारा माणूसच नेमलेला नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती कागद जळाले हे साऱ्या राज्याने पाहिले. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले. आग आणि पूर यांना जात नसते, पण ज्याच्या घरी नक्कल नाही त्याचेच त्यात सर्वाधिक नुकसान होते.

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणतात, आपल्या पोरांनी कलेक्टर व्हावे, डॉक्टर व्हावे. जुन्या कागदांची धूळ कशाला खावी? पोरे कलेक्टर व्हावीतच. पण कलेक्टर तीन वर्षांत बदलतो, रेकॉर्डरूममधला माणूस तीस वर्षे तिथेच असतो. कोणता कागद कुठे आहे हे कलेक्टरला तोच सांगतो, आणि सांगायचे नसेल तर सांगत नाही. सत्तेची ही शांत जागा प्रस्थापितांनी पिढ्यान् पिढ्या ओळखली होती. आम्ही तिच्याकडे कारकुनी म्हणून पाहिले आणि ती हातची जाऊ दिली.

म्हणून कोल्हापूरपासून सुरुवात व्हावी, असे आम्हाला वाटते. शाहूंच्या करवीरात कोल्हापूरचे पुरालेखागार आहे, शिवाजी विद्यापीठ आहे, देवस्थान समिती आहे. जोतिबाच्या २५९ कोटी ५९ लाखांतून एक टक्का म्हणजे सुमारे २ कोटी ६० लाख रुपये होतात. तेवढा पैसा दप्तरासाठी बाजूला काढला तर देवस्थानच्या आणि आसपासच्या गावांच्या कागदांसाठी सुरक्षित खोली, स्कॅनर आणि दोन वर्षांच्या पगारी उमेदवारीच्या वीस जागा भागू शकतात. हिशेब कोणीही करून पाहावा. वीस जणांना दरमहा पंधरा हजार धरले तरी दोन वर्षांचे ७२ लाख होतात. उरलेल्या पैशात खोली, यंत्रे आणि शिकवणाऱ्या जाणत्या मोडी वाचकांचे मानधन निघेल. या वीस जागांपैकी आरक्षणाच्या जागा काटेकोर भरल्या जाव्यात आणि निम्म्या जागांवर मुली असाव्यात. देवाच्या नावाने मंजूर झालेला पैसा देवाच्या शेतात राबलेल्यांची नावे शोधायला लागला, तर त्यात कोणाची भावना दुखावण्याचे कारण नाही.

शासन करील तेव्हा करील. आपणही हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट कागदांसाठी असावे. वस्तीतल्या पत्र्याच्या पेट्या उघडाव्यात. जुन्या 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक, परिषदांची पत्रके, जलशांच्या वह्या, रिपब्लिकन पक्षाच्या पावत्या, पँथरच्या काळातली हँडबिले, वतनाचे कागद, जे निघेल त्याची यादी करावी. काहीही फेकू नये, चिकटपट्टी लावू नये, क्रम मोडू नये. वस्तीतल्या दोन मुलांना मोडीच्या वर्गाला पाठवावे आणि वर्ग संपल्यावर त्यांना एखाद्या जाणत्या वाचकाच्या शेजारी नेऊन बसवावे. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला तरी एका मुलाची वर्षभराची सोय होते.

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी याच जिल्ह्यातल्या माणगावात शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे गेली. आम्ही शाळेत गेलो, कचेरीत गेलो, संसदेत गेलो. दप्तरखान्याचे दार मात्र ओलांडायचे राहून गेले. पुढच्या चैत्रात डोंगरावर गुलाल उधळला जाईल, खाली निळे झेंडे लागतील. त्या दिवशी आपल्यातली एक तरी मुलगी कुठल्यातरी दप्तरखान्यात रुमाल सोडून बसलेली असावी आणि त्यातले आपल्या खापरपणजोबाचे नाव तिने स्वतः, दुसऱ्या कोणाला न विचारता, वाचावे. एवढी तयारी आपण केली तरी या तीन तारखा ओळीने आल्याचे सार्थक होईल.

जयभीम!